जिभेखालचा पडदा

सोमवार, १२ ऑगस्ट २०२४. कराड.
श्रावणी सोमवार, तरी ओपीडी भरलेली. आठ दिवसांचा मुलगा; जन्मवजन २९५० ग्रॅम, आज २६६०. सुरुवातीला वजन उतरतं, पण एव्हाना चढायला लागायला हवं होतं. आजी म्हणाल्या, "मॅडम, तासतासभर अंगावर असतो, तरी भुकेलाच. हिला दूधच नाही." सून मान खाली घालून बसली होती. तिला माझ्यासमोरच पाजायला लावलं. दर घोटाला चट्‌चट्‌ आवाज, पकड सुटत होती. बाळ बाजूला झालं तेव्हा स्तनाग्र चपटं, तिरकं, भेगाळलेलं. रडताना जीभ वर उचलत नाही. खालचा पडदा थेट टोकापर्यंत आलेला.
कात्री लगेच काढली नाही. आधी पकड सुधारायची: बाळ पोटाशी घट्ट, तोंड मोठं उघडलं की नुसतं स्तनाग्र न देता भोवतीचा काळा भागही आत. शिवाय प्रत्येक पाजण्यानंतर दूध काढून वाटी-चमच्याने. दूध भरपूर निघालं. आजींनी वाटीत डोकावून पाहिलं, बोलल्या मात्र काही नाहीत.

मंगळवार, १३ ऑगस्ट.
आज उलट प्रकार. तीन आठवड्यांची मुलगी. कुणीतरी लेझरने पडदा कापा असं सांगितलेलं, म्हणून आईबाबा घाबरून आलेले. पडदा दिसतो, पण बाळ शांतपणे पितं, आईला दुखत नाही, वजन छान वाढतंय. काही करायचं नाही म्हटल्यावर वडील म्हणाले, "पुढे बोबडी बोलली तर?" पुढच्या बोलण्याच्या धास्तीने तान्ह्या बाळाची जीभ कापावी, याला आधार नाही, हे समजावलं. न्यूझीलंडच्या निक्की मिल्स यांनी २०१९ मध्ये शवविच्छेदनातून दाखवलं की हा पडदा म्हणजे वेगळी दोरी नसतेच. जीभ उचलली की तोंडाच्या तळाच्या पापुद्र्याची उभी राहणारी घडी असते. म्हणजे ती प्रत्येकालाच असते. नुसती दिसली म्हणून आजार ठरत नाही.

गुरुवार, १५ ऑगस्ट.
झेंडावंदन करून आले. सोमवारचं बाळ उद्या परत येणार, त्यासाठी पुन्हा वाचन. पडदा कापण्यावरच्या २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात पाच चाचण्या, ३०२ बाळं: आईचं दुखणं सुरुवातीच्या दिवसांत कमी झालं, बाळाच्या पिण्यातला फायदा मात्र सगळीकडे सारखा दिसला नाही. ब्रिटनमधल्या एका चाचणीत ८७० बाळं हवी होती, मिळाली १६९. त्यातही 'कापू नये' गटातल्या बहुतेकांनी पुढे कापून घेतलंच. तीन महिन्यांनी आईचं दूध पिणाऱ्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं. अमेरिकी बालरोग अकादमीनेही गेल्याच महिन्यात सबुरीचा सल्ला दिलाय. त्या सुनेला मी शब्द द्यायचा तो एवढाच: दुखणं कमी होण्याची बरीच शक्यता आहे.

शुक्रवार, १६ ऑगस्ट.
वजन २७४०, तेही काढलेल्या दुधावर. पकड सुधारूनही आईच्या डोळ्यांत पाणी येतं. नवरा-बायकोशी बोलून ठरवलं. व्हिटॅमिन के जन्मतः दिलेलं, घरात कुणाला रक्तस्रावाचा त्रास नाही. बाळाला दुपट्यात गुंडाळलं, सिस्टरांनी डोकं धरलं, जीभ उचलून बोथट टोकाच्या कात्रीने पातळ पडदा कापला. काही सेकंदांचं काम, रक्ताचे दोनचार थेंब. लगेच आईकडे.
आजी: "मध लावू का जरासा?"
"मध वर्षभर नाही, आजी. आणि तिथे पांढरा-पिवळा डाग दिसेल, तो पू नव्हे. बोटाने चोळायचं नाही."

मंगळवार, २० ऑगस्ट.
वजन २८७०. "उजवीकडे दुखत नाही मॅडम, डावीकडे अजून टोचतं," सून म्हणाली. भेग भरायला वेळ लागणारच. डावीकडची पकड पुन्हा करून घेतली. वाटीतलं दूध आता हळूहळू कमी करू.
आजींच्या लेखी सगळं श्रेय कात्रीचं. पण वजन तर कापण्याआधीच चढू लागलं होतं. पकड, वाटी आणि कात्री यांतल्या कुणाचा वाटा किती, ते एका बाळावरून सांगता येत नाही. केसपेपरवर तिन्ही लिहिली.
जाताना आजी म्हणाल्या, "शेजारणीच्या नातवालापण पाठवते, त्याचीही जीभ चिकटलीय."
म्हटलं, "पाठवा, पण भुकेच्या वेळेला पाठवा. जीभ नंतर बघेन, आधी पिताना बघायचंय."