कोंबडा की तलंग?

अंड्यांच्या आशेने पिल्लं आणावीत आणि चार-पाच महिन्यांनी पहाटेच्या अंधारात खिडकीखाली दणदणीत बांग ऐकू यावी, हा प्रसंग परसात कोंबड्या पाळणाऱ्या घरांत कधी ना कधी येतोच. पिल्लांत नर आणि मादी साधारण निम्मे-निम्मे निघतात, आणि विकणारा मात्र सगळ्या तलंगाच आहेत म्हणून शपथ घेतो. आमच्या बंगळूरला तो म्हणतो, ‘एल्ला हेंटे!’ कानडीत हेंटे म्हणजे कोंबडी आणि हुंज म्हणजे कोंबडा. एवढे दोन शब्द यायला लागले की इथल्या पिल्लांच्या बाजारात तुमचं काम भागतं.

यलहंक्याच्या आमच्या घरामागे नारळाच्या झाडाखाली थोडी मोकळी जागा आहे. तिथे आम्ही सहा नाटी, म्हणजे गावठी पिल्लं आणली. एक दिवसाचं गावठी पिल्लू नुसतं बघून नर की मादी हे सांगता येत नाही, ही खूणगाठ मी आधीच बांधली होती. पण घरात सल्लागार पुष्कळ! शेजारच्या अज्जी म्हणाल्या, लांबट टोकदार अंड्यातून हुंज निघतो, गोल अंड्यातून हेंटे. गंमत म्हणजे हा वाद दोन हजार वर्षांहून जुना आहे. ग्रीसच्या अॅरिस्टॉटलने लिहून ठेवलं की टोकदार अंड्यातून मादी निघते, आणि रोमच्या प्लिनीने गोल अंड्यातून! दोघेही मोठे विद्वान, पण अंड्याचा आकार काहीच सांगत नाही. पिल्लावर दोऱ्याने अंगठी टांगून ती गोल फिरते की सरळ हलते ते पाहण्याचा प्रकारही तसाच. मुलांना तेवढीच करमणूक.

खरी गोष्ट अशी की कोंबड्यांत नर की मादी हे आईकडून ठरतं. कोंबड्याजवळ दोन्ही गुणसूत्रं सारखी, झेड आणि झेड. कोंबडीजवळ एक झेड आणि एक डब्ल्यू. अंड्यात डब्ल्यू उतरलं तर तलंग, झेड उतरलं तर कोंबडा. अंडं घातलं जाण्याआधीच हा निकाल लागलेला असतो. मग ते खुडूक कोंबडीखाली ठेवा नाहीतर यंत्रात. माणसांत मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं आणि बोल मात्र पिढ्यान्‌पिढ्या सुनेने ऐकले. कोंबडीच्या जातीत खरोखरच आई ठरवते, तर तिला कुणी चकार शब्द बोलत नाही!

मोठ्या उबवणी केंद्रांना मात्र पहिल्याच दिवशी उत्तर लागतं. 1920च्या दशकात जपानमध्ये कियोशी मासुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिल्लाच्या गुदद्वाराच्या आतला बारीकसा उंचवटा पाहून नर ओळखण्याची रीत बसवली. तरबेज माणूस तासाला आठशे-हजार पिल्लं अशी निवडतो. घरी हे मुळीच करू नये, चुकीच्या दाबाने पिल्लू दगावतं. काही संकरित जातींत पंखांची पिसं पाहतात: मादीची मोठी पिसं वरच्या पिसांपेक्षा लांब, नराची सारखी किंवा आखूड. तपकिरी अंडी देणाऱ्या काही संकरांत तर रंगावरूनच कळतं, माद्या तांबूस आणि नर फिकट पिवळे. पण या खुणा मुद्दाम तशा जुळवलेल्या जातींपुरत्याच. गावठी पिल्लांना त्या लावायला जाल तर फसाल.

आणि निवडलेल्या नरांचं काय होतं? अंड्यांच्या जातीचा नर अंडी देत नाही आणि अंगावर मांसही धरत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी त्याला मारून टाकतात. त्यातलीच काही पिल्लं गुलाबी-हिरव्या रंगात बुडवून रस्त्यावर खेळण्यासारखी विकली जातात. मुलांचा हट्ट पुरवण्यापूर्वी आईबापांनी हे माहीत करून घ्यावं. जर्मनीने 2022 पासून असं मारणं कायद्याने बंद केलं. तिथे आता पिल्लू बाहेर येण्याआधी अंड्यातच तपासणी करतात.

घरच्या पिल्लांसाठी धीर धरणं हाच उपाय. पाच-सहा आठवड्यांनी तुरा पाहायचा. नराचा तुरा लवकर वाढतो, लालसर होतो, खालचे गलोलही दिसू लागतात. तलंगेचा तुरा तोवर बारीक आणि फिकट असतो. पाय जाड, चाल ऐटीची, दुसऱ्या पिल्लासमोर छाती काढून उभं राहणं, हेही पाहावं, पण एकट्या खुणेवर विसंबू नये, धीट तलंगाही असतात. खरा भरवसा पिसांचा. अडीच-तीन महिन्यांनी मानेवरची आणि पाठीच्या मागच्या भागावरची पिसं हातात धरून बघा. नराची लांब, टोकदार आणि चकचकीत. मादीची आखूड आणि गोल टोकाची. माझं माहेर गडहिंग्लजचं. तिथे आजी पिल्लू मांडीवर घेऊन मान चाचपायची ती यासाठीच.

जमत नसेल तर विचारायला जागा आहेत. हेसरघट्ट्याला केंद्र सरकारची कुक्कुटपालन संस्था आहे, तिथे प्रशिक्षणही देतात. परसात मोकळ्यावर वाढणारी ‘गिरिराज’ कोंबडी याच शहरातल्या कृषी विद्यापीठाने तयार केली.

आमच्या सहांपैकी तिसऱ्या महिन्यात चार तलंगा आणि दोन कोंबडे ठरले. तलंगांना मुलीने नावं ठेवली होती, तशीच कोंबड्यांनाही, आणि इथेच पंचाईत झाली. दाटीच्या वस्तीत दोन कोंबडे ठेवणं शक्य नव्हतं. समोरच्या घरातला मुलगा रात्रपाळी करून पहाटे झोपतो. आमच्या ह्यांचं म्हणणं, पाळलेला कोंबडा शेवटी ताटातच जायचा, त्यात रडायचं काय? मुलीने दोन दिवस अन्न गोड मानलं नाही. शेवटी अज्जींनी मार्ग काढला. होसकोट्याजवळ त्यांच्या भावाचं शेत आहे, पंधरा-वीस कोंबड्या आहेत आणि जुना कोंबडा म्हातारा झालाय. एकाची सोय झाली. दुसऱ्याचं त्यांनी काहीच सांगितलं नाही.

मुलीने मात्र अचूक विचारलं, ‘अज्जी, होसतोडकू कधी आहे?’ पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी इकडे घरोघरी मटण-कोंबडीचा बेत असतो, तो हा दिवस. अज्जी माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘दोघांनाही नेते. पण तुझ्या आईने दर महिन्याला तांदळाची कणी पाठवायची.’

कणी मी पाठवते. पाडवा होऊन गेल्यावर अज्जींच्या भावाने फोनवर दोघांचंही आरवणं ऐकवलं. मुलगी म्हणते, आवाज वेगवेगळे होते.