हाफ क्लच

मोटार चालवायला शिकताना माणसाची पहिली ओळख होते ती स्वतःच्या पायांशी, असे माझे मत झाले आहे. अठरा वर्षे जे पाय बिनतक्रार माझे होते, ते पहिल्या दिवशी परक्यासारखे वागू लागले. उजवीकडून डावीकडे अ‍ॅक्सिलरेटर, ब्रेक, क्लच. म्हणजे ए, बी, सी. इतकी सोपी मुळाक्षरे, पण अक्षरे तीन आणि पाय दोनच!

मधुमेहाने बाबांची नजर अधू केली आणि आमची मारुती ८०० दारात उभी राहिली. "विकून टाकूया," आई म्हणाली. बाबा काहीच बोलले नाहीत. रोज सकाळी काच पुसत राहिले. ते पाहवेना, म्हणून मी शिकाऊ परवाना काढला. मुदत ६ महिन्यांची, गाडीच्या पुढेमागे पांढऱ्यावर लाल 'एल', आणि शेजारी शिकवणारे मास्तर.

मास्तर कन्नड बोलणारे. माझे कन्नड बाजारापुरते, त्यांचे मराठीही तेवढेच. पण "सावकाश री!" हा त्यांचा मंत्र भाषांतरावाचून समजला. आपला 'सावकाश' इकडच्या कन्नडातही सुखाने नांदतो, हे मला वर्गात नव्हे, गाडीत कळले.

पहिले चार दिवस नुसता क्लच. इंजिन फिरत असते, चाके थांबलेली असतात. दोघांची गाठ एकदम घातली की गाडी आचका देऊन बंद. पाय हळूहळू उचलला की एका ठिकाणी गाडी थरथरते, निघायला आतुर होते. तोच हाफ क्लच. कपिलेश्वर पुलाच्या चढावर, मागे बस खेटून उभी असताना हे ज्याला साधले, त्याला पुढचे सारे साधते.

महिना उलटल्यावर परीक्षा झाली. इंग्रजी आठचा आकडा, रिव्हर्स, 'एल' उतरला. पण खरी परीक्षा आजोळच्या वाटेवर होती. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट आणि खाली गोव्यातली सत्तरी. बाबा शेजारी बसले. वळण दिसत नव्हते, तरी इंजिनाचा आवाज ऐकून ते म्हणत, "दुसरा टाक." घाटाचे नियमही त्यांनीच सांगितले. ज्या गिअरमध्ये चढशील, त्यातच उतर. उतारावर न्यूट्रल कधीही नाही. आणि उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी. चढावर थांबलेल्याला पुन्हा निघणे किती जड, ते मला पुलावरच समजले होते.

परतताना धुके उतरले. बाबांच्या सूचना बंद झाल्या. कणकुंबीला पाहते तो बाबा चक्क झोपलेले! ज्यांच्या भरवशावर आम्ही मुले मागच्या सीटवर झोपत आलो, ते आज माझ्या भरवशावर झोपले होते. सरकारी परवाना आधीच मिळाला होता. घरचा त्या दिवशी मिळाला. पुढच्या खेपेला त्यांनी किल्ली हातात दिली आणि म्हणाले, "तू जाऊन ये, बाळ."

मित्रमैत्रिणींनो, कॉलेजातून बाहेर पडताना आपणा सर्वांचे असेच होते. इंजिन फिरते आहे, चाके थांबलेली आहेत. पाय एकदम सोडू नये, पण उचलायला भिऊही नये. सावकाश री!