खलनायक, पण घरातला!

मैत्रिणींनो, २००७ साली सुरू झालेली ‘फिनियस अँड फर्ब’ ही कार्टून मालिका मुलांबरोबर पाहिलीत ना? त्यातला डॉ. डूफनश्मर्ट्झ सारखी नवी यंत्रं बनवतो नि स्वतःच फजीत होतो. हसून मुरकुंडी वळते! पण त्याची दुष्टाई उगवते घरातच. आईचं सगळं कौतुक धाकट्या भावाचं. याला वडिलांनी बागेत शोभेचा पुतळा म्हणून उभं केलेलं! तोच लेकीला हवी असलेली बाहुली मात्र वर्षानुवर्षं शोधतो. म्हणून त्याचा राग येत नाही, बरं का.

परवा पाहता पाहता थोरला म्हणाला, “आई, तूपण धाकट्याचंच कौतुक करतेस.”

माझं हसू तिथंच थांबलं. रात्री त्याची चित्रवही मागून घेतली. पहिल्या पानापासून पाहिली.