दावणीचा कोन

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. या म्हणीत दोन बैल आहेत, त्यांना बांधणारी दावण नाही. गुण लागला तो शेजाऱ्याचा की दावणीचा? शिफ बेसच्या रसायनाने हा प्रश्न माझ्या मागे लावून दिला आहे.

ह्यूगो शिफने 1864 साली दाखवलं की अल्डिहाइड आणि अमाइन एकत्र आले की पाण्याचा रेणू निघून जातो आणि कार्बन-नायट्रोजनचा दुहेरी बंध उरतो; तोच शिफ बेस. सॅलिसिलाल्डिहाइडपासून केलेला शिफ बेस बहुधा पिवळा असतो. त्यातला नायट्रोजन धातूला धरतो; फिनॉलचा ऑक्सिजन तर एकाच वेळी दोन धातूंना धरू शकतो. लोह, मँगनीज, तांबं यांचे चार-सहा अणू असे जवळ बांधले की त्यांचा समूह होतो. तिथे वाणही लागतो. मोरचुदातलं निळं तांबं शिफ बेसच्या संगतीत बहुतेकदा हिरवं होतं.

गुणाची गोष्ट याहून अवघड. तांब्याचे दोन अणू, मध्ये हायड्रॉक्साइडच्या ऑक्सिजनचे दोन पूल. पुलाचा कोन सुमारे 97.5 अंशांहून लहान असेल तर दोघांचे एकाकी इलेक्ट्रॉन एका दिशेला वळतात; मोठा असेल तर परस्परविरुद्ध. शेजारी तेच, पूलही तोच. चार-दोन अंशांत सख्य फिरतं.

भिलाईत राहून हे वाचताना मन माणसांकडे जातंच. छत्तीसगडशी मराठी माणूस दोनदा बांधला गेला. 1758 मध्ये नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी रतनपूरला आले, ते राज्य करायला. पुढे 1955 मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 ला पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशभरातून माणसं नोकरीला आली. त्यांत मराठीही होती. सेक्टरच्या क्वार्टरमध्ये तमिळ, बंगाली, छत्तीसगडी शेजारी एका भिंतीआड राहू लागले. एकदा सत्तेची दावण, एकदा कारखान्याच्या भोंग्याची. भाद्रपदाच्या तोंडावर इथे पोरा सण येतो, मातीचे बैल पुजतात, ठेठरी-खुरमी होते. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल मिरवतात. हा सारखेपणा भोसल्यांच्या काळातला, भोंग्याच्या काळातला, की दोन्हींच्या आधीपासूनचा? मी आधी म्हणायचो, भोंग्याने माणसं जवळ आणली. आता तसं छातीठोकपणे म्हणवत नाही.

कारण रसायनातही दावण एकटी ठरवत नाही. लिगँड, म्हणजे धातूला धरणारा रेणू, धातूला जागा देतो, आणि धातू आपल्या आकाराप्रमाणे लिगँडला वाकवतो. शेजारचा छोटासा अ‍ॅनायन (ऋणभारित कण) बदलला तरी कोन सरकतो. मग गुण कुणाचा म्हणायचा? म्हण मला अपुरी वाटते, पण तिच्या जागी ठेवायला दुसरी माझ्यापाशी नाही.