मऊ लागतंय का?

गेल्या दिवाळीपासून उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि पुढच्या दोन बोटांना मुंग्या येतात. तरी कास्ट आयर्न बुलेटचं हेड मीच आवळायचो. परवा हाताखालच्या पोरानं स्वतःच्या पगारातून टॉर्क रेंच आणला. जुन्या मॅन्युअलातले फूट-पाउंड १.३६ ने गुणून त्यानं न्यूटन-मीटर काढले आणि मी आवळलेले नट मला विचारून तपासले. बाकीच्यांवर लगेच क्लिक वाजलं, एक मात्र पाव फेरा पुढे गेला. "काका, पॅकिंग बसलं असेल," तो म्हणाला. त्यानं माझी लाज राखली. पॅकिंग बसलं की सगळेच नट सैलावतात, एकटा नाही. आणि क्लिक वाजलेले तरी बरोबर होते का? जास्त आवळलेल्या नटावरही रेंच तसाच वाजतो.

तेव्हापासून डोक्यात एकच गोष्ट घोळते : तेल. पान्यावरच्या जोरातला सुमारे ९० टक्के भाग नटाच्या बुडाशी आणि आट्यांत घासण्यातच जातो. स्टड ताणायला उरतो दहावा हिस्सा. आट्यांवर तेल असलं की त्याच आकड्याला स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. गंज असला तर क्लिक वाजूनही स्टड ढिलाच. साठ वर्षांच्या इंजिनात दोन स्टड सारखे सापडत नाहीत. मग आकडा कोणत्या स्टडचा धरायचा?

एअर गननं इंजिनाचे नट मारणाऱ्यांना हा प्रश्नच पडत नाही. त्यांनी मारलेली इंजिनं माझ्याकडे येतात, म्हणून राग येतो.

ॲल्युमिनियमचे आटे जाण्याआधी सांगतात. जोर चढत असतो. मग नट फिरतो, पण जोर चढत नाही. ओल्या मातीत खुंटी फिरावी तसं मऊ लागतं. तिथे थांबणारा हात हीच माझी घमेंड होती, त्यापायी मी रेंच कधी घेतला नाही. एकदा तो हात थांबला नाही. इंजिन केसचे आटे गेले. गिऱ्हाइकाला मी आधीच्या मेकॅनिकची चूक सांगितली आणि नवे आटे बसवायच्या हेलिकॉइलचे पैसेही घेतले. हे आजवर कुणाला बोललो नव्हतो.

आता पोरगा आवळतो, मी आटे घासून पुसून देतो. प्रत्येक नटाला विचारतो, "मऊ लागतंय का?" तो "नाही" म्हणतो. तरी माझा हात पान्याकडे जातोच.