आम्ही आणि आपण

आमच्या कोल्हापूरकडे मुलीसुद्धा ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ असे म्हणतात. पुस्तकात ‘आले’, ‘जेवले’ असते हे शाळेतच कळले होते. पण पुस्तकातले बोलणे घरी कोण बोलतो? वसतिगृहात पहिल्याच दिवशी मी ‘आंघोळ करून आलो’ म्हणाले आणि खोलीतल्या तिघी पोट धरून हसल्या. हसण्यात दुष्टावा नव्हता. तरी पुढे दोन महिने तोंड उघडण्यापूर्वी मी क्रियापद मनात तपासून घेत असे. आई भेटायला आली तेव्हा तिला ‘जरा हळू बोल’ म्हणाले, ते मात्र अजून टोचते.

म्हणून यंदा ‘सर्वसमावेशक भाषा’ हा ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू करायचे ठरले आणि बाईंनी स्वागताचे चार शब्द लिहिण्याचे काम माझ्यावर सोपवले, तेव्हा वाटले, हा तर आपलाच विषय! एका बैठकीत दोन पाने लिहून काढली. ‘विद्यार्थी मित्रांनो’ खोडून ‘विद्यार्थी-विद्यार्थिनींनो’ केले; यातही कोणी तरी राहून जातेच, म्हणून ‘मुलांनो’ केले. पण तिसऱ्या वर्षाच्या मुलीने ‘मुलांनो’ म्हणणे म्हणजे आजीबाईचा आव! शेवटी ‘मंडळी’वर भागवले. पुढे माहितीही घातली. ‘अपंग’ या शब्दाच्या जागी 2015 नंतर ‘दिव्यांग’ हा शब्द सरकारी कागदांवर रुजला. 2020 साली राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. 2022 साली स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला. आणि शेवटी माझे सर्वांत आवडते वाक्य : ‘आम्ही आपल्या दिव्यांग बांधवांचेही मनःपूर्वक स्वागत करतो.’

माझा एक वर्गमित्र अंध आहे. मजकूर त्याला पाठवला. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर त्याने तेच वाक्य फोनकडून दोनदा वाचून घेतले. त्या यंत्राच्या सपाट, भरधाव आवाजात माझे ‘मनःपूर्वक’ अगदीच केविलवाणे वाटले.

“दिव्यांग म्हण, अंध म्हण, माझी हरकत नाही,” तो म्हणाला. “दिव्य काय आहे ते मला अजून सापडलेलं नाही, ते सोड. पण हे ‘आम्ही’ कोण गं?”

“अरे, स्वागतच तर केलंय!”

“पाहुण्यांचं करतात. मी तीन वर्षं तुझ्याच वर्गात बसतोय.”

मला राग आला. इतके जपून लिहिले, त्याचे हे फळ! खोलीवर जाऊन तासभर त्याच्याशी मनातल्या मनात भांडले. मग भाषाशास्त्राची वही आठवली. हिंदीचे ‘हम’ दोन्हीकडे चालते. मराठीत मात्र ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’. गुजरातीत ‘आपणे’ आणि ‘अमे’, तमिळमध्येही असाच भेद. परीक्षेत हे सगळे उदाहरणांसह लिहून मी गुण मिळवले होते!

वाक्य खोडले. तरी ‘आपण’ लिहितानाही हात अडखळला. त्याच्या वतीने ‘आपण’ म्हणायचे मला कोणी सांगितले? हे त्याला विचारले, तर म्हणाला, “तू एकटीच का वाचतेस? अर्धं मला दे की.”

उद्घाटनाच्या दिवशी मजकूर दोघांनी वाचला. तो कानात फोनचा आवाज ऐकत, न अडखळता. मी कागदावरून, अडखळत. सुरुवातीला स्वतःविषयी एक ओळ सांगायची होती. घाबरून ‘तीन वर्षांपूर्वी मी इथे आलो’ असेच तोंडून गेले. दुरुस्त करावे असे क्षणभर वाटले, पण पुढे वाचत गेले. पडद्यावरच्या चौकोनांतून कोणी हसले की नाही, कळायला मार्ग नव्हता. सगळ्यांचे माइक बंद होते.