लामत्याचा पाऊस आणि रशियन लेन्स

आमच्या बालाघाट जिल्ह्यात पाऊस जूनच्या मध्यावर येतो आणि दसऱ्याच्या आसपास जातो. मधल्या काळात चामड्याच्या चपलेवर पांढरट थर चढतो, पापड सादळतात आणि कपाटात ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या आत, काचेवर, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे वाढू लागतात. चपला आणि पापड घरातल्यांच्या लगेच लक्षात येतात. कॅमेऱ्याकडे मात्र कोणी बघत नाही, कारण तो पाच-दहा वर्षांत एकदा, कुणी पाहुणा विचारतो तेव्हाच बाहेर निघतो.

मी बीई करून सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, सध्या पुण्यात. छंद आहे जुन्या लेन्स विकत घ्यायच्या, उघडून साफ करायच्या आणि आजच्या कॅमेऱ्यावर लावून वापरायच्या. मंडळाच्या मागच्या स्नेहसंमेलनात दोन-तीन तरुण मुलांनी त्याबद्दल बरंच विचारलं, म्हणून हे लिहितो आहे. पण लेन्सबरोबर लामत्याचं आणि काकाजींचंही सांगावं लागेल.

ज्यांना लामता ठाऊक नाही त्यांच्यासाठी: बालाघाटहून नैनपूरला जाताना रेल्वेवर हे गाव लागतं. १९५६ पर्यंत आमच्या राज्याची राजधानी नागपूर होती, त्यामुळे घरात मराठी, बाजारात हिंदी आणि शेतावर पोवारी अशी आमची तिहेरी भाषा. गावातून पूर्वी छोटी लाइन जायची, अडीच फुटी नॅरो गेज. आता तिथे मोठी लाइन आहे. काकाजींचा फोटो स्टुडिओ स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर होता. लग्नांसाठी याशिकाचा दोन भिंगांचा कॅमेरा, ज्यात वरून मान खाली घालून बघायचं आणि एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो निघायचे. स्वतःच्या हौसेसाठी रशियन झेनिट. डिजिटल आल्यावर स्टुडिओ बंद झाला, तिथे आता मोबाइल रिचार्जचं दुकान आहे, आणि सगळं सामान घरी एका लोखंडी पेटीत गेलं.

आता लेन्सकडे वळू. जुन्या लेन्सना अचानक भाव आला तो आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस, कॅमेऱ्यांमुळे. प्रत्येक कॅमेऱ्यात लेन्सची बैठक आणि फिल्म किंवा सेन्सर यांच्यामध्ये ठरावीक अंतर असतं. झेनिटमध्ये ते ४५.४६ मिलिमीटर, सोनीच्या ई-माउंटमध्ये फक्त १८. उरलेल्या २७.४६ मिलिमीटरची एक पोकळ धातूची नळी मध्ये बसवली की झालं. त्या नळीत काच नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही, हजार-दीड हजारात मिळते. फोकस आणि अ‍ॅपर्चर हाताने फिरवायचं, बस.

झेनिटवर यायची ती लेन्स म्हणजे हेलिओस ४४-२. ५८ मिलिमीटर, एफ/२, सहा काचा, आठ पाकळ्यांचं अ‍ॅपर्चर. तिचा आराखडा मूळचा जर्मनीतल्या येनाच्या कार्ल झाइसच्या बिओटार लेन्सचा. दुसऱ्या महायुद्धानंतर तो सोव्हिएत कारखान्यांकडे गेला. तिने काढलेल्या फोटोत मागची झाडांची पानं गोल गोल भोवऱ्यासारखी फिरलेली दिसतात. काटेकोर हिशोबाने हा दोष आहे, आणि आज लोक त्याच दोषासाठी पैसे मोजतात. बऱ्याच सोव्हिएत लेन्सवर नंबरचे पहिले दोन आकडे म्हणजे बनवल्याचं वर्ष असतं, तेवढं बघून ठेवा. विकणारा 'फार दुर्मीळ' म्हणत असेल तर हसून पुढे जा. हेलिओस इतक्या बनल्या आहेत की दुर्मीळ शब्द तिला शोभत नाही.

घेताना एकच गोष्ट नीट करा: मोबाइलचा टॉर्च. लेन्सच्या मागून टॉर्च धरायचा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडायचं आणि पुढून तिरकं बघायचं. धागे दिसले तर बुरशी. सगळीकडे दुधासारखं धूसर दिसलं तर आतल्या ग्रीसचं तेल उडून काचेवर बसलंय. कडेला इंद्रधनुष्यासारखा डाग किंवा बुडबुडा दिसला तर दोन काचा चिकटवणारा बाल्सम सुटलाय, अशी लेन्स फुकट मिळाली तरी मी घेत नाही. बारीक धूळ आणि पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा याने फोटोत काही फरक पडत नाही, मागच्या काचेवरच्या ओरखड्याने पडतो. स्क्रूच्या खाचा झिजलेल्या असतील तर आधी कुणीतरी आत हात घातलाय असं समजा. ऑनलाइन घेताना टॉर्च लावलेला फोटो मागा. तो द्यायला टाळाटाळ झाली की मी विषय संपवतो. पुण्याच्याच एका विक्रेत्याने मला 'एकदम स्वच्छ' म्हणून पाठवलेल्या लेन्सच्या आत अख्खं जंगल होतं. पैसे परत मिळायला दीड महिना लागला.

जपानी ताकुमार ५० मिलिमीटर एफ/१.४ पिवळी पडलेली दिसली तर मात्र घाबरू नका. तिच्या काचेत थोरियम असतं, त्याच्या किरणांमुळे काच चहाच्या रंगाची होते. अतिनील प्रकाशात काही दिवस ठेवली की उजळते. उन्हात ठेवणार असाल तर लक्ष ठेवा, शेवटी ते भिंगच आहे आणि शेजारी पडदा आहे.

हे वेड काही आजचं नाही. मुंबईच्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, म्हणजे सावेदादांनी, १८९६ साली वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं पाहिली आणि नंतर २१ गिनी मोजून इंग्लंडहून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी त्यावर हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. परदेशातून पार्सल मागवून महिनाभर वाट बघणारी मंडळी आपल्यात तेव्हापासून आहेत.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत लामत्याला गेलो, तेव्हा घराची डागडुजी चालली होती. चुलतभाऊ म्हणाला, ती पेटी भंगारवाल्याला देऊन टाकू. एकाने आधीच येऊन सगळ्याचे मिळून पाचशे रुपये सांगितले होते. काकाजी काही बोलले नाहीत, ओट्यावर बसून राहिले. मी पेटी उघडली. झेनिट चामड्याच्या केसमध्ये होता. चामडं ओलावा धरतं, त्यामुळे जुन्या कॅमेऱ्यासाठी ती केस म्हणजे बुरशीची नर्सरी. टॉर्च लावला आणि जे दिसायचं तेच दिसलं.

"काकाजी, उघडू का?"

"उघड बाबू. पण बारके स्क्रू ताटलीत ठेव. फरशीवर पडला की गेला."

बुरशीचे बीजाणू सगळीकडेच असतात. एका लेन्सची बुरशी दुसरीला लागते म्हणून लोक घाबरतात, माझ्या मते खरी गोष्ट हवेतली आर्द्रता आहे. ती ६०-६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली, की बोटाच्या ठशातल्या तेलावर आणि धुळीवर ती वाढते. वाढताना आम्ल सोडते, त्याने आधी काचेवरचं कोटिंग आणि मग काचच खरवडली जाते. म्हणून बुरशी निघाली तरी खूण निघेलच असं नाही.

हेलिओस शिकायला बरी, आत गुंतागुंत नाही. पुढची नावाची रिंग रबराच्या तुकड्याने दाबून फिरवली की सुटते, पुढच्या काचांचा गट त्यामागे. आतल्या रिंगांसाठी दोन टोकांचा स्पॅनर लागतो. (जपानी लेन्स उघडणार असाल तर जपानी मापाचे स्क्रूड्रायव्हर घ्या, आपला नेहमीचा फुलीचा पाना त्या स्क्रूंची डोकी खातो.) प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो. आमच्या कामात चुकलं तर मागच्या व्हर्जनवर जाता येतं, इथे तो फोटो हेच मागचं व्हर्जन. काच साफ करायला मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया समसमान, खिडकी उघडी ठेवून. अमोनियात ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

सगळ्यात नाजूक जागा फोकसच्या आट्यांची. त्या एकाच वेळी अनेक ठिकाणी सुरू होतात, म्हणून दोन नळ्या वेगळ्या होतात त्या नेमक्या जागी खूण करायची. नाहीतर परत बसवताना चार-पाच ठिकाणी बसतील आणि त्यातली एकच बरोबर असेल. जुनं रशियन ग्रीस मेणासारखं झालं होतं. ते लायटरच्या पेट्रोलने पुसलं, नवीन अगदी पातळ लावलं. शेवटी अनंत अंतराचा फोकस लावायचा होता, तो गच्चीवरून चंद्रावर लावला. झेनिटच्याच बॉडीवर लावला, कारण अ‍ॅडॉप्टर बहुधा मापापेक्षा केसभर कमी जाडीचे बनवतात आणि त्यांच्यावर विसंबलं तर माप चुकतं.

बुरशी निघाली. मधल्या एका काचेवर नखाएवढी जाळी कोरलेली राहिली. सूर्याकडे तोंड करून फोटो काढला तर थोडा धूसरपणा येतो, एरवी काही दिसत नाही. काकाजींनी लेन्स हातात घेऊन फोकस रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली, पुन्हा फिरवली. "आता मऊ चालते," एवढंच म्हणाले.

पण पेटीच्या तळाशी बिस्किटांचे पाच पत्र्याचे डबे होते, निगेटिव्हने भरलेले. लेन्सपेक्षा ते महत्त्वाचे, आणि त्यांची अवस्था जास्त वाईट. फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो आणि बुरशीचं ते थेट जेवण आहे. काच पुसता येते, जिलेटिन नाही. बुरशी लागलेलं जिलेटिन पाण्यात विरघळायला लागतं, म्हणून अशी निगेटिव्ह पाण्याने धुतली तर चित्रच वाहून जातं. चुलतवहिनी पाण्याची परात घेऊन आल्या होत्या, चांगल्याच हेतूने. त्यांना थांबवलं. सुकवणं, मऊ ब्रशने कोरडं झटकणं आणि लवकरात लवकर फोटो काढून घेणं, एवढाच उपाय उरतो.

तो फोटो काढायला हेलिओस चालली नसती, जवळच्या अंतरावर तिच्या कडा ढिल्या पडतात. चालली ती पेटीतली दुसरीच गोष्ट, डार्करूममधल्या एनलार्जरची अंगठ्याएवढी लेन्स. तिला कोणी लेन्स म्हणूनही मोजलं नव्हतं. पण एनलार्जरची लेन्स सपाट निगेटिव्ह जवळून, कडेपासून कडेपर्यंत सारखी दाखवण्यासाठीच बनवलेली असते. तिचे आटे ३९ मिलिमीटरचे. ३९ वरून ४२ वर नेणारी एक रिंग, काही एक्स्टेन्शन नळ्या, माझा कॅमेरा, खाली एलईडीचा पांढरा उजेड आणि वर दुधी अ‍ॅक्रिलिक. हा सगळा खटाटोप तीन हजारांच्या आत झाला. जुन्या बाजारात अशा लेन्स आजही स्वस्त मिळतात, कारण इन्स्टाग्रामवर त्यांचं नाव नाही.

उरलेलं सामान आता हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात आहे, सोबत सिलिका जेल आणि दोनशे रुपयांचा आर्द्रता मोजणारा काटा. तो ४० ते ५० च्या मध्ये ठेवायचा. तांदळात ठेवू नका, तांदळाने धूळ तेवढी वाढते. काकाजी रोज सकाळी पेपर वाचायच्या आधी काटा बघतात आणि पावसाळ्यात मला आकडा फोनवर कळवतात.

मी दर दोन-तीन महिन्यांनी जातो तेव्हा एक गठ्ठा होतो. लग्नं, बारसं, शाळेचे ग्रुप फोटो, आणि मध्येच छोट्या लाइनची गाडी, दारात लटकलेली माणसं, फलाटावर बांबूच्या टोपल्या. स्क्रीनवर चित्र उलटं करून काळ्याचं पांढरं झालं की काकाजी चष्मा वर करून नावं सांगतात: ही अमक्याची सून, हा पोरगा पुढे मलाजखंडच्या खाणीत लागला. मी ती नावं फाइलच्या नावात टाइप करतो. चेहरे त्यांना अजून ओळखू येतात. गावांची नावं मात्र आता थोडी थोडी अडखळतात.

पाचपैकी दीड डबा झाला आहे. एका डब्यातलं जवळजवळ सगळं गेलेलं आहे, तो मी शेवटी ठेवला आहे. तुमच्या घरातलं एखादं लग्न ऐंशी-नव्वदच्या दशकात लामता किंवा आसपासच्या गावात झालं असेल आणि फोटो स्टेशन रस्त्यावरच्या स्टुडिओने काढले असतील, तर वर्ष आणि गाव मंडळाच्या संपादकांकडे कळवा. जून लागायच्या आत कळवलंत तर तो गठ्ठा आधी घेईन.